न चावलेला घास

आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, ही माझी चूक. सांगायला एवढीशीच आहे, एका ओळीत मावते. पण त्या एका उत्तरापायी माझी आई तीनेक वर्षं नीट जेवली नाही, आणि एकाच छपराखाली राहून मला ते कळलं नाही.

कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीजवळच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे. आईला मधुमेह, त्यात हिरड्या कच्च्या. तिचे उरलेसुरले दात तिथल्या डॉक्टरबाईंनी एकेक करून काढले होते. जखमा भरल्यावर कवळीचं माप द्यायला मी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी एका पन्हळीसारख्या साच्यात गुलाबी लगदा भरला, तो तिच्या खालच्या जबड्यावर दाबून बसवला आणि घट्ट होईपर्यंत हलू नका, बोलू नका म्हणून सांगितलं. मग तो साचा बोटांनी धरून ठेवत त्या म्हणाल्या,

"वरची कवळी टाळूला धरून बसते. तिचा त्रास नाही व्हायचा. खालचीला आधार नसतो, जीभ सारखी ढकलते तिला. पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवले, म्हणजे हाडात दोन स्क्रू, आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी अडकवली, तर काकूंना चावून खाता येईल. आत्ता हाड चांगलं आहे. काकू, विचार करा. आत्ता बोलू नका, नंतर सांगा."

प्रश्न काकूंना होता. त्याच वेळी खाली रस्त्यावर दुचाक्या उचलणारी गाडी आली होती आणि भोंग्यावरून नंबर पुकारत होती. मी स्कूटर लावू नये तिथे लावली होती. माझा निम्मा जीव खाली होता.

"नको हो डॉक्टर," मी म्हणालो. "या वयात हाडात स्क्रू कशाला? तिला काय आता ऊस सोलून खायचाय? आमटी-भात, मऊ पोळी, एवढंच तर असतं तिचं."

आईने उजवा हात वर केला. तिला उमासा येतोय असं मला वाटलं. मी तो हात धरला आणि खुर्चीच्या हातावर दाबून ठेवला. "झालं, झालं. हलू नकोस, माप बिघडेल."

साचा निघाल्यावर तिने चूळ भरली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "काय मग, काकू?" आईने आधी माझ्याकडे पाहिलं. रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाली, "तो म्हणतोय ते बरोबर असेल." मी जिना धावत उतरलो. स्कूटर जागेवर होती. मला किती बरं वाटलं होतं ते अजून आठवतं.

पैशांची अडचण असती तर निदान ते कारण सांगता आलं असतं. ती नव्हती. पुन्हा पुन्हा रजा टाका, तपासण्या करा, तिला जिना चढवा-उतरवा, या सगळ्याचा मला आधीच कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याला मी "या वयात कशाला" असं काळजीचं नाव दिलं.

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि अनोळखी माणसांशी बोलणं. तिचे उच्चार इतके लख्ख, की शेजारच्या मुली वक्तृत्व स्पर्धेच्या आधी तिच्याकडून भाषण बसवून घेत. कवळी आल्यावर तिच्या 'स' आणि 'श'मध्ये शिट्टी शिरली. खालची कवळी बोलता बोलता उचलली जाई आणि ती जिभेने पटकन जागेवर दाबत असे. हळूहळू तिने फोन घेणं कमी केलं. वाजला की म्हणे, "बघ रे कोणाचा आहे, मी देवापाशी आहे." दिवसातून इतका वेळ देवापाशी आई आधी कधी नव्हती. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. वय वाढलं की माणसं देवाकडे वळतात, असं मी बायकोला समजावून सांगितलं.

आणि जेवण. आमच्या घरी आई सगळ्यात शेवटी जेवते. लग्न होऊन आली तेव्हापासूनची सवय, नोकरीतही तशीच आणि वडील गेल्यावरही तशीच. माझ्या बायकोने सुरुवातीला पुष्कळदा सांगून पाहिलं, "आई, आपण बरोबर बसू." आईचं उत्तर ठरलेलं. "तुमचे डबे, तुमची घाई. मला मागून निवांत बसायला आवडतं." आम्ही तिला जुन्या वळणाची म्हणत होतो. खरं तर ते आम्हाला सोयीचंही होतं. आम्ही साडेआठला बाहेर पडायचो, रात्री टीव्हीसमोर ताटं घ्यायचो आणि आपली ताटं विसळून ठेवली की आपलं काम संपलं असं समजायचो. कवळी आल्यावर या रिवाजाचा तिने पडदा केला. त्या पडद्यामागे ती कवळी काढून वाटीत ठेवत होती आणि पोळी दुधात, ताकात, चहात, कशातही भिजवून हिरड्यांनी दाबून गिळत होती, हे मला फार उशिरा समजलं.

न समजायला काही कारण नव्हतं. एकदा बायकोला सिंकच्या जाळीत शेंगांच्या भाजीचा चोथा सापडला. चघळून, रस शोषून टाकलेला. तिला शिसारी आली.

"हे कुणी टाकलं?"

"आई असेल," मी म्हणालो. "धागे लागतात तिला. तू शेंगांच्या शिरा नीट काढत नाहीस."

"मी शिरा काढते की नाही ते बघायला तुम्ही कधी आला होतात स्वयंपाकघरात?"

त्या दिवशी आमचं शिरांवरून भांडण झालं. आई आतल्या खोलीत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापासून जाळीत चोथा दिसेनासा झाला. ती तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायला लागली होती. मला वाटलं, प्रश्न मिटला.

तिचे ब्लाउज ढिले झाले, ते तिने स्वतःच बसून आत घेतले. एक-दोनदा दुपारी तिला घाम फुटून हातपाय थरथरले. साखर एकदम उतरली होती. गोळ्या वेळेवर पोटात जात होत्या, अन्न जात नव्हतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "जेवण कसं आहे, आजी?" आणि मी म्हणालो, "व्यवस्थित जेवते. स्वतःच्या हाताने वाढून घेते."

तिला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा आम्ही सोसायटीचा हॉल घेतला. माणसं घरचीच. माझी धाकटी बहीण वाघोलीहून आदल्या दिवशी आली होती. मामा आला होता. पाटाभोवती रांगोळी काढली, कणकेचे पंचाहत्तर दिवे लावून ओवाळलं. पानं मांडली आणि आई नेहमीप्रमाणे उठायला लागली.

"मी मागून बसते."

"आज नाही," मी म्हणालो.

"अरे, पाहुणे आधी जेवू देत. मी मागून बसते."

"आज तुझा हट्ट चालणार नाही," मी चार लोकांत मोठ्याने म्हणालो. लोक हसले. आई बसली. त्या वेळचा तिचा चेहरा मी नंतर फोटोत पाहिला. परीक्षेला अभ्यास न करता बसवलेल्या मुलीसारखा होता तो.

मग घास भरवणं सुरू झालं. मामाने चमच्याने शिरा भरवला. बहिणीने शिराच भरवला, बायकोनेही. माझी पाळी आली तेव्हा मी ताटातली कोथिंबीर वडी उचलली. तिला आवडते म्हणून मी ती मुद्दाम करायला सांगितली होती. चांगली जाड, चौकोनी, खरपूस तळलेली. आईने मान किंचित वळवली. मला वाटलं, लाजते आहे.

"अगं घे. तुझी आवडती."

फोटो काढणाऱ्या भाच्याने "एक मिनिट, आजी, इकडे" म्हटलं. आईने तोंड उघडलं आणि मी अख्खी वडी तिच्या तोंडात ठेवली.

आपल्या माणसाने हाताने भरवलेला घास कुणी थुंकत नाही. त्यातून पंचाहत्तरीला, पाटावर बसून, मुलाच्या हातचा. तिने थोडा वेळ तोंड मिटून ठेवलं. खालची कवळी उचलली गेली असणार. तिने ती जिभेने दाबायचा प्रयत्न केला असणार, आणि तिथे वडी होती. मग तिने एक मोठा आवंढा गिळला.

घशात घास अडकलेल्या माणसाचा आवाज होत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. खोकला नाही, काही नाही. फक्त तिचे डोळे मोठे झाले आणि हात गळ्याशी गेला. कॅमेऱ्याचा आवाज चालूच होता. कुणीतरी म्हणालं, "भरून आलंय त्यांना." मीही हसत होतो. तिचा चेहरा लाल झाला, मग त्याला वेगळाच रंग यायला लागला. आधी समजलं ते बहिणीला. तिने ताट बाजूला ढकललं, आमटी रांगोळीवर सांडली. आईला पुढे वाकवून तिने दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात मारलं. पुन्हा मारलं. मी हात पुढे करून उभा होतो, त्या हाताला तळणीचा वास येत होता, आणि काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला वडी बाहेर पडली आणि तिच्यासोबत खालची कवळी. आईने श्वास आत ओढला. तो आवाज सगळ्या हॉलने ऐकला.

मी वाकून ती वडी उचलली. चारही कोपरे शाबूत होते. वरचे तीळसुद्धा जागच्या जागी. तिच्यावर दाताची एकही खूण नव्हती.

मी वडी बघत राहिलो, आणि बहीण मला बघत होती.

"किती दिवस झाले हिला चावता येत नाहीये?" तिने विचारलं.



दवाखान्यात नेऊन छाती तपासून घेतली. सगळं ठीक होतं. संध्याकाळी बहिणीने आईची पिशवी भरली. "काही दिवस माझ्याकडे नेते."

"अगं, तिची औषधं, तिचे डॉक्टर इकडे आहेत."

"मग तू ये की औषधं घेऊन. घास मात्र भरवू नकोस."

पुढच्या रविवारी मी वाघोलीला गेलो. नगर रस्त्यावर नेहमीसारखी कोंडी होती. मी स्कूटरवर थांबत थांबत मनात वाक्यं जुळवत होतो. बहिणीच्या बाल्कनीतून समोर उंच इमारतींचे सांगाडे दिसतात. आई तिथे खुर्चीत बसली होती. कवळी घातलेली नव्हती. तिचं मिटलेलं, आत गेलेलं तोंड मी इतक्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं. तिने तोंडावर पदर घेतला नाही. मी वाक्यं विसरलो आणि खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "दिवाळी नाहीये आज."

आमच्याकडे मोठ्यांची माफी कुणी मागत नाही, पाया पडतात. पाया पडलं की चेहरा दाखवावा लागत नाही, आणि समोरच्याला आशीर्वाद द्यावाच लागतो. आईने दिला नाही. मी उठून समोर बसलो.

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माफी मागायला गेलेला माणूस तक्रार करत होता.

"कधी सांगणार होते? तू विचारलंस कधी?"

"निदान डॉक्टरांना तरी..."

"त्यांनी विचारलं तेव्हा तू बोललास. माझ्या तोंडात तो लगदा होता. मी हात वर केला होता."

"मला वाटलं, तुला त्रास होतोय."

"त्रास होतच होता. पण हात त्यासाठी नव्हता."  दात नसल्यामुळे तिचे शब्द मऊ येत होते, पण एकही चुकत नव्हता. "दात गेलेत रे माझे. जीभ आहे अजून."

मी घाईने म्हणालो, "आपण ते इम्प्लांट करून घेऊ. उद्याच वेळ घेतो."

"नको."

"का?"

"आता मी नको म्हणतेय म्हणून."

मी बहिणीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिने मान हलवली, म्हणजे गप्प बस. मी गप्प बसलो नाही. हाड, वय, वजन, साखर, सगळं सांगत सुटलो. आईने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मी जाईन डॉक्टरांकडे. जायचं तेव्हा जाईन. आणि आत एकटी जाईन. तुमच्यापैकी कुणी यायचं नाही."

ती कधी जाईल, जाईल की नाही, यावर माझा काही हक्क उरला नव्हता. महिनाभर मी रोज फोन करत होतो आणि ती हवापाण्याचं बोलून फोन बहिणीला देत होती. बहिणीकडून कळायचं, आज पेज घेतली, आज थोडं वरण. वजन आणखी उतरलं होतं. मग एका सकाळी ती रिक्षाने बहिणीबरोबर थेट दवाखान्यात आली. बहिणीने कळवल्यावर मी तिथे पोचलो तेव्हा ती आत गेलेली होती. बाहेरच्या बाकावर बहिणीने माझ्यासाठी जागा केली, पण ती बोलली नाही. काचेच्या दाराबाहेर आईच्या चपला काढलेल्या होत्या. आत खूप वेळ बोलणं चालू होतं, आणि मधून मधून आईचा आवाज येत होता. काय म्हणते ते कळत नव्हतं.

ती बाहेर आली तशी मी उठून डॉक्टरांकडे जायला लागलो.

"मला विचार," आई म्हणाली.

मी थांबलो. "काय म्हणाल्या?"

"हाड झिजलंय. दात नसले की झिजतं म्हणे. तेव्हा होतं तेवढं आता नाही. स्क्रू मागे बसणारच नाहीत. पुढे बसतील, बारीक मापाचे, पण धरतील की नाही ते आज सांगता येत नाही. साखर आधी खाली यायला हवी, नाहीतर जखम भरणार नाही." ती चपला घालत होती. "मी हो म्हटलंय. घरी चल, भूक लागलीय."

ती आमच्याकडे परत आली. साखर खाली आणायची तर नुसता मऊ भात आणि पेज चालत नव्हती, आणि जे चालत होतं ते चावता येत नव्हतं. बायकोने मुगाची धिरडी, वाटलेल्या उसळी, किसलेलं पनीर असं करायला घेतलं. ती सकाळी लवकर उठून आईबरोबर बसून खाई. आई तिच्यासमोर कवळी काढून बाजूला ठेवायची. पहिल्या दिवशी बायकोने वाटीवर झाकण ठेवू का विचारलं. आई म्हणाली, "राहू दे. तिलाही बघू दे काय चाललंय." त्या दोघी हसल्या. मी तेव्हा दारात होतो. मी आत गेलो नाही.

साखर उतरायला वेळ लागला. रिपोर्ट आला की आई आधी स्वतः वाचायची, मग आम्हाला द्यायची. आकडा योग्य झाल्यावर तारीख ठरली.

त्या दिवशी मी पुन्हा त्याच बाकावर. आतून यंत्राची घरघर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. तिला फक्त जागा बधिर केली होती, ती जागी होती. हाडात भोक पाडताना ती काय ऐकत असेल, हा विचार मी करू नये म्हणून भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र बघत होतो. घरघर मधेच थांबली आणि बराच वेळ सुरू झाली नाही. दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. मास्क खाली केला.

"एक छान बसला. दुसऱ्या बाजूला हाड मऊ आहे. जेवढी पकड हवी तेवढी येत नाहीये. काढून टाकता येईल किंवा तसाच हिरडीखाली झाकून ठेवून तीन-चार महिने वाट बघायची. धरला तर धरला."

मी तोंड उघडलं. त्यांनी हात केला. "काकूंशी बोलले मी. त्या ठेवा म्हणाल्या. मी सांगायला आलेय, विचारायला नाही."

दार बंद झालं आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

त्यानंतरचे महिने म्हणजे एका गोष्टीची वाट बघणं होतं. हाड त्या स्क्रूला धरतंय की नाही, हे बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं. जुनी कवळी आतून कोरून, मऊ अस्तर लावून दिली होती. जपून, मऊच खायचं. तिने हनुवटीला नुसता हात लावला तरी मी लगेच जवळ जायचो. "दुखतंय का?" मी विचारायचो. जिभेला काही लागतंय का? सूज आहे का?

"तू विचारायला शिकलास ते चांगलं झालं," ती एकदा म्हणाली. "पण दर तासाला नको."

माफी मागायची राहिली होती, हे मला रोज आठवत होतं. ऑफिसला जाताना हेल्मेटच्या आत मी ती म्हणूनही बघायचो. मग मी स्वतःशी एक हिशोब मांडला. दोन्ही स्क्रू धरले तर तिला खाता येईल, सगळे आनंदात असतील, जुनं उकरून काढायची गरजच उरणार नाही. म्हणजे माझी सुटका मी तिच्या जबड्यावर सोपवली होती. ते दोन स्क्रू रुजावेत म्हणून मी देवाला हात जोडत होतो, त्यात तिच्यासाठी किती होतं आणि माझ्यासाठी किती, हे मी आजही ठरवू शकत नाही.

हिरडी उघडून बघायचा दिवस आला. या वेळी डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. आधी आईला विचारून, हे मी ऐकलं. त्यांनी एका बारीक दांडीने पहिल्या स्क्रूवर ठोकलं. खणखणीत आवाज आला. दुसऱ्यावर ठोकलं. मला काही कळलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं, मान तिरकी करून ऐकलं, मग एक छोटा पाना लावून तो हळूच पिळून बघितला. आईची मूठ खुर्चीच्या हातावर वळली.  डॉक्टरांनी आणखी थोडा जोर लावला. स्क्रू हलला नाही.

"धरलाय, काकू."

आईने डोळे मिटले आणि मूठ सोडली.

पुढे नवीन माप, मग कवळीच्या आतल्या बाजूला खाचा आणि एका दुपारी ती कवळी त्या दोन स्क्रूंवर टक्कन बसली. आईने जीभ फिरवली. ती उचलली गेली नाही. "सासवड, सासूबाई, शंकरशेट," ती आरशात बघून म्हणाली. एकाही अक्षरात शिट्टी नव्हती.

त्या रविवारी बहीण आली. आई आमच्याबरोबर टेबलाशी बसली, सगळ्यांच्या मध्ये. ताटात भाकरी, मटकीची उसळ, काकडी. आम्ही कुणीच तिच्याकडे बघत नाही असं दाखवत होतो. तिने काकडीची फोड उचलली आणि दाताखाली धरली. तो कुरकुर आवाज ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीने नाक पुसलं आणि मला कोपराने ढोसलं. "झालं, दादा. सोड आता." इतक्या महिन्यांनी ती माझ्याशी पहिल्यासारखं बोलली.

तेवढ्यात मामाचा फोन आला. बहिणीने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"काय गं ताई, जेवतेस का?"

"काकडी खातेय," आई म्हणाली.

"अरे वा. नशीब काढलंस हो. मुलगा असावा तर असा. आजकाल कोण करतं एवढं आईबापांसाठी? श्रावणबाळच म्हणायचा."

 आई सावकाश चावत होती. तिने ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. बहीण ताटात बघत होती. मी नुसतं हसलो असतो तर तो विषय तिथेच संपला असता, आणि यापुढे प्रत्येक लग्नाकार्यात ही गोष्ट माझ्या नावावर अशीच सांगितली गेली असती. सगळ्यांनी मला तेवढी वाट करून दिली होती. आईनेसुद्धा.

"मामा, जरा थांबा," मी म्हणालो. "तसं नाहीये ते. फोन ठेवू नका, तुम्हीही ऐका."

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तोंडातला घास चावून, गिळून होईपर्यंत मी थांबलो. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, डॉक्टरांनी तुला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं. तू हात वर केलास, तो मी दाबून ठेवला. तेव्हा चांगलं हाड होतं, ते माझ्या कंटाळ्यामुळे गेलं. तू उपाशी राहिलीस आणि मी लोकांना सांगत राहिलो की ती व्यवस्थित जेवते. त्या दिवशी तू मागून बसते म्हणत होतीस, तरी मी तुला चार लोकांत बसवलं आणि तुझा जीव जाता जाता राहिला. हे दात आले म्हणून ते काही भरून निघालेलं नाही. माझं चुकलं, आई. मला माफ कर."